गळ टाका, गप्प बसा!

सांगली-साताऱ्याकडे माणूस काहीही खेळला तरी त्याला मान आहे. लाल मातीत उतरला तर पैलवान, कबड्डीत घुसला तर चढाईपटू, बैल पळवले तर त्याच्या नावाचा फ्लेक्स चौकात लागतो. अपवाद एकच. कृष्णेच्या काठी हातात काठी धरून, पाण्याकडे टक लावून बसलेला माणूस. त्याला कुणी खेळाडू म्हणत नाही. वरून जाणारा गाडी थांबवून विचारतो, "काय पावणं, आज काय काम न्हाई वाटतं?"

याच कृष्णेत पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती लागतात. सांगलीवाडी, समडोळी, कवठेपिरान, डिग्रज अशा गावांचे बोट क्लब ईर्ष्येनं वल्ही मारतात आणि काठावर शिट्ट्यांचा कल्लोळ होतो. पाणी तेच, पण वल्ह्याला टाळ्या आणि गळाला टोमणे! उद्या एखाद्या क्रीडा मंडळानं ठरवलं, की रविवारी सहकुटुंब गळानं मासे पकडण्याची स्पर्धा भरवायची, तर बैठकीत कुणीतरी उठून म्हणणारच, "हा काय खेळ आहे का?" त्या माणसासाठी हा दारूगोळा तयार ठेवला आहे.

कुस्तीच्या मांडीला मांडी लावून

हा खेळ आहे की नाही, याचा निकाल नऊशे वर्षांपूर्वीच लागला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं इ. स. ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात शंभर प्रकरणं आहेत. राज्य कसं मिळवावं, कसं टिकवावं इथपासून विडा कसा खावा इथपर्यंत राजाला लागणारं सगळं त्यात आलं आहे. राजाच्या करमणुकींची त्यात वेगळी यादी आहे. मल्लविनोद, म्हणजे आपली कुस्ती, त्या यादीत आहे. कोंबड्यांच्या झुंजी आहेत, ससाणा उडवून केलेली शिकार आहे आणि त्यांच्याच पंगतीत मत्स्यविनोदही आहे.

आणि तो नावापुरता नाही. सोमेश्वरानं तीसहून अधिक मासे नावानिशी मांडले आहेत. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, अशी त्यांची वर्गवारी केली आहे. कुठल्या माशाला काय खायला आवडतं, हेही सांगितलं आहे. पाण्यात आधी चारा टाकून मासे एका जागी जमवायचे, पिठाच्या गोळ्या कशाच्या करायच्या, दोरी आणि काठी कशी हवी, हे सगळं तो तपशिलात सांगतो. मासा लागला म्हणजे घाईनं खेचायचं नाही. दोरी सैल सोडायची, त्याला धावू द्यायचं, दमवायचं आणि मग काठाशी आणायचं. हातात हजारो रुपयांचं रील घेतलेला आजचा पोरगा मोबाइलवर व्हिडिओ बघून नेमकं हेच शिकतो. त्याच ग्रंथात मासे शिजवण्याच्या कृतीही आहेत. राजा व्यवहारी होता.

बरं, हा राजा आपल्याला अगदीच परका नाही. त्याचा बाप सहावा विक्रमादित्य कऱ्हाडचा जावई होता. कऱ्हाडच्या शिलाहारांची लेक चंद्रलेखा हिच्या स्वयंवराचं रसभरित वर्णन बिल्हण कवीनं ‘विक्रमांकदेवचरित’ या काव्यात केलं आहे. आणि ‘मानसोल्लास’ छापील रूपात आपल्यापुढे आणला तो श्रीगोंदेकर आडनावाच्या संपादकानं. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये निघाला. थोडक्यात, नियमांचं पुस्तक घरचंच आहे. आपण उघडलं नाही एवढंच.

साताऱ्याची गादी आणि एक मानकरी कुत्रा

साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज शिकारीचे शौकीन होते, आणि त्यांच्या छंदांमध्ये इतिहासकारांनी मासेमारीचाही उल्लेख केला आहे. पेशव्यांच्या फौजा उत्तरेत धडका देत होत्या, तेव्हा महाराज अधूनमधून पाण्याकाठी रमत असतील, ही कल्पनाच गोड आहे. त्यांच्या लाडक्या कुत्र्याचं नाव होतं खंड्या. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला, असं सांगतात. त्याबद्दल त्याला पालखीचा मान मिळाला. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीला, त्याची समाधी आजही दाखवतात.

गंमत म्हणजे पाण्यात सूर मारून मासा उचलणाऱ्या निळ्याजर्द पक्ष्यालाही आपण खंड्याच म्हणतो. हा पक्षी साधासुधा नाही. जपानची अतिवेगवान रेल्वे बोगद्यातून बाहेर पडताना फटाक्यासारखा आवाज करायची. इंजिनिअर एईजी नाकात्सु यांना पक्षिनिरीक्षणाचा नाद होता. पाण्यात शिरताना खंड्या फारसं पाणी उडवत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९९७ साली धावू लागलेल्या नव्या गाडीचं नाक त्याच्या चोचीच्या घाटाचं झालं. स्पर्धेच्या ठिकाणी तारेवर खंड्या बसलेला दिसला, तर त्याला बिनफी प्रवेश द्यायला हरकत नाही. बक्षीस मात्र देऊ नका. दरवेळी तोच जिंकेल.

पॅरिसमध्येही झालं होतं

१९०० साली पॅरिसला ऑलिंपिक भरलं, त्याच सोहळ्यात सीन नदीच्या काठावर गळानं मासे पकडायच्या स्पर्धा झाल्या. सुमारे सहाशे गळवाले ओळीनं बसले होते. पुढे ऑलिंपिकवाल्यांनी तो प्रकार अधिकृत यादीत धरला नाही. पण सहाशे माणसं एका नदीकाठी एकाच वेळी गप्प बसली, हाच केवढा विक्रम! आपल्याकडच्या कुठल्याही वार्षिक सभेत करून दाखवावा.

कान असलेला मासा

वाळवा तालुक्यात मच्छिंद्रगड आहे. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये बांधलेला हा छोटासा गड पुणे-मिरज रेल्वेमार्गाच्या जवळच आहे. त्याचं नाव मच्छिंद्रनाथांवरून पडलं. नाथांची गोष्ट आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. शंकर पार्वतीला गुप्त ज्ञान सांगत होते, पाण्यात माशाच्या पोटात असलेल्या जिवानं ते ऐकलं आणि तोच पुढे मच्छिंद्रनाथ झाला.

आता शास्त्रज्ञ काय म्हणतात ते बघा. रोहू, कटला, महसीर, शिंगटी या सगळ्या माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते आणि ती पिशवी ते कानाचा पडदा म्हणून वापरतात. पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी इवलीशी हाडांची साखळी त्यांच्यात असते. पाण्यातला बारीकसा थरथराट पिशवी पकडते आणि हाडं तो कानापर्यंत पोचवतात. म्हणजे आपल्या नद्यांतले बहुतेक मासे पोटातून ऐकतात! नाथसंप्रदायाला हे आधीच माहीत होतं असा दावा मी करत नाही, पण जुळून छान आलं आहे.

स्पर्धेसाठी याचा उपयोग असा: काठावर गप्पा मारल्यानं फारसं बिघडत नाही. हवेतल्या आवाजाचा बहुतेक सगळा भाग पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून माघारी फिरतो. मासे बिथरतात ते पाय आपटल्यानं, खडे टाकल्यानं, खुर्ची ओढल्यानं. जमिनीतून गेलेला हादरा थेट पाण्यात उतरतो. तेव्हा आजीला बोलू द्या. नातवाला उड्या मारू देऊ नका. डीजे लावायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर त्याला आधी नदीपलीकडे पाठवा.

पाटील पाण्यात गेले

१८२० च्या दशकात विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी मुंबई इलाख्याच्या सरकारासाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. शेतं मोजली, माणसं मोजली, पक्षी टिपले आणि जोडीला मासेही. दख्खनच्या माशांवरचं त्याचं टिपण १८३० च्या दशकाअखेरीस लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे आलं. पुढे हा गडी ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्षही झाला.

साइक्सनं माशांना लॅटिन नावं दिली खरी, पण अर्धं काम इथल्या कोळी-भोयांवरच टाकलं. त्यांनी काठावर सांगितलेली नावं त्यानं जशी कानावर पडली तशी चिकटवून टाकली. आज जगातल्या कुठल्याही मत्स्यशास्त्राच्या ग्रंथात तुम्हाला खुद्री, फुलंगी, कोलस, ताकरी, मुल्या आणि सींगटी भेटतील. यातला खुद्री म्हणजे आपला खडची, दख्खनचा महसीर. टोकियोतला प्राध्यापक वर्गात ‘गारा मुल्या’ म्हणतो, तेव्हा तो नकळत मराठी बोलतो.

आणि एका माशाचं शास्त्रीय नाव आहे लॅबिओ पोटेल. साइक्सच्या काळातल्या इंग्रजी कागदपत्रांत गावच्या पाटलाला ‘पोटेल’ असंच लिहायचे. पाटीलकी गेली, वतनं गेली, पण पाण्यातले पाटील अजून कायम आहेत. सांगली जिल्ह्यात तरी या बातमीचं कुणाला नवल वाटू नये.

फुकट पेडिक्युअर

वरच्या यादीतला मुल्या मासा बोटभर लांबीचा असतो. खळाळत्या ओढ्यात वाहून जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाखाली चिकटण्याची सोय आहे. त्यानं तो दगडाला धरून राहतो आणि शेवाळ खरवडून खातो. शहरातल्या मॉलमध्ये काचेच्या टाकीत पाय बुडवून बसायचे पैसे घेतात, त्या टाकीतला ‘डॉक्टर फिश’ हा याचाच तुर्कस्तानकडचा चुलतभाऊ. नाव गारा रुफा. साताऱ्याच्या डोंगरातल्या एखाद्या ओढ्यात पाय सोडून बसलात, तर बारकी मासळी येऊन टाचा टोचते. पावती फाडावी लागत नाही.

गळाला लागणारे बहुतेक पाहुणेच

तुमच्या गावच्या तलावात आज गळ टाकला तर बहुधा कटला, रोहू, मृगळ नाहीतर चिलापी लागेल. यातले कटला, रोहू आणि मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांची एक खोड होती. ते वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यात अंडी घालायचे. तळ्यात ठेवले तर संसार थाटायलाच तयार नसायचे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून ही अडचण सोडवली. तळ्यातल्या माशांनी अंडी घातली, मत्स्यबीज हवं तितकं मिळू लागलं आणि देशभरातले तलाव भरले. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. मंडळाला मुहूर्त हवाच असेल तर हा आहे, पण जुलैत नदीकाठी मुलांना नेऊ नका, एवढी विनंती.

चिलापीची कथा वेगळी. ती आफ्रिकेची. १९५२ मध्ये श्रीलंकेमार्गे भारतात आली आणि असा काही विस्तार केला की विचारू नका. याचं गुपित तिच्या तोंडात आहे. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लं झाली तरी संकट दिसताच त्यांना परत तोंडात घेते. त्या काळात ती जवळजवळ उपाशीच असते. कौतुक करावं तेवढं थोडं, पण इथल्या मूळच्या माशांची जागा आणि चारा तिनं खाल्ला, हेही खरं. स्पर्धेत चिलापीला वेगळा गट ठेवायला हरकत नाही: ‘सर्वाधिक चिलापी’. तलावाचंही भलं होईल, पोरांनाही हमखास काहीतरी लागेल.

चढणीचे मासे आणि थोडी खंत

पहिला जोरदार पाऊस पडला, ओढे लाल झाले, की मासे प्रवाहाच्या उलट्या दिशेनं वर चढतात. हे चढणीचे मासे. कोकणात यालाच वलगण म्हणतात. गावच्या गाव टोपल्या, जाळी, घमेली घेऊन ओढ्याला लोटतं. गळाची गरजच नसते. खरं तर हीच आपली मूळची सहकुटुंब स्पर्धा. फक्त तिला पंच नाहीत. प्रश्न एवढाच की हे मासे वर चढतात ते अंडी घालायला. प्रत्येक भरलेली मादी म्हणजे पुढच्या वर्षीची सगळी मासळी. जिभेला हे पटत नाही, मला ठाऊक आहे. ज्वारीची भाकरी, कांदा-लसूण मसाला आणि चढणीचा मासा असं ताट पुढे आलं की शहाणपण सुचत नाही.

मासे कमी होण्याची आणखीही कारणं आहेत. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ अंकली इथं कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपला की मासे असे तडफडून वर येतात. नदीत सांडपाणी वाढलं की ते कुजवणारे जिवाणू तो प्राणवायू खाऊन टाकतात. माशाला कुणी गळ टाकायच्या आत नदीच त्याचा गळा आवळते.

सूचना: मगरींना निमंत्रण नाही

भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. थोड्याथोडक्या नाहीत, आणि उन्हाळ्यात वाळूच्या काठावर ऊन खात पडलेल्या सहज दिसतात. त्यांनाही मासेच आवडतात, त्यामुळे ही स्पर्धा त्यांना आपल्यासाठीच आहे असं वाटू शकतं. वन्यजीव कायद्यानं त्यांना सर्वोच्च संरक्षण आहे. मुलांना कुठल्या कायद्यानं वाचवायचं, हा विचार आयोजकांनी करावा. म्हणून नदी नको. गावचा पाझर तलाव किंवा कुंपण घातलेलं शेततळं बघा. शेततळ्यात प्लॅस्टिकचा कागद असेल तर कडा भयंकर निसरड्या असतात. तेव्हा काठापासून हात-दोन हात मागे दोरी बांधा आणि मुलांना लाइफ जॅकेट घाला.

मुंबईच्या पवई तलावाचं उदाहरण मजेशीर आहे. १८९१ साली पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या या तलावात गळवाल्यांची जुनी संघटना आहे. इंग्रजांच्या काळात तिचं नाव बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन होतं, आता महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. तिथे पाण्यात उभारलेल्या मचाणांवर बसून सभासद गळ टाकतात. पवईतही मगरी आहेत. म्हणजे मचाणाची कल्पना केवळ हौसेची नाही.

माशाच्या आकाराची भिंत

वाईचा ढोल्या गणपती सगळ्यांनी पाहिला आहे. पण देवळाच्या मागे वळसा घालून जाणारे कमी. गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ थेट कृष्णेच्या घाटावर बांधलं. पुराचं पाणी भिंतीवर सरळ आदळू नये म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केली. पाणी त्या टोकावर आपटतं, दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. पुढे हत्तीचं तोंड, मागे माशाचं अंग. अडीचशेहून अधिक वर्षं देऊळ पुरात उभं आहे. स्पर्धेसाठी मानचिन्ह शोधणाऱ्या मंडळानं मागच्या बाजूनं फोटो काढावा.

पकडा, मोजा, सोडा

खडची हा दख्खनच्या गळवाल्यांचा देव. ताकद एवढी की काठी धनुष्यासारखी वाकवतो. महसीर कुळातल्या माशांचा भारतातला गाजलेला विक्रम दक्षिणेतल्या काबिनी नदीवरचा आहे. १९४६ मध्ये व्हॅन इंगेन नावाच्या गृहस्थांनी तिथे १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा मासा काढला. कुस्तीत ५७ किलो गटात उतरला असता.

धरणं, डायनामाइटनं केलेली मासेमारी आणि दूषित पाणी यांनी महसीर घटले, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकात महसीरची पैदास सुरू केली. मादीच्या पोटातून अलगद अंडी काढून, नराचं वीर्य मिसळून, लाखो पिल्लं वाढवली आणि देशभर वाटली. शहाणं काम. पण त्यालाही एक उपकथा आहे. ही निळ्या पराची पिल्लं कावेरीत सोडली गेली, तिथे ती फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा नारिंगी पराचा वाशिंड असलेला महसीर मागे पडत गेला, असं अभ्यासकांनी पुढे दाखवून दिलं. पाहुणचार जपून करावा तो माशांच्या बाबतीतही.

जगभरच्या चांगल्या स्पर्धांत आता मासा घरी नेत नाहीत. मोजपट्टी छापलेल्या फळीवर तो निजवायचा, फोटो काढायचा, लांबी लिहायची आणि परत पाण्यात सोडायचा. यातले बारकावे मुलांना सांगण्यासारखे आहेत. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्यानं दाबून टाकायचा, म्हणजे गळ सहज निघतो. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो तो त्याचं जंतूंपासून रक्षण करतो, आणि कोरड्या हाताला तो निघून येतो. फोटो काढून होईपर्यंत तुम्हीही श्वास रोखून धरा. तुमचा दम कोंडायला लागला, तर माशाचाही कोंडला आहे असं समजा. सेल्फी आटोपती घेण्याचा याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही.

या पद्धतीचा आणखी एक फायदा म्हणजे थापांना आळा बसतो. फळीवरची मोजपट्टी कुणाचा भाऊबंद नसते.

उड्या मारायच्याच असतील तर

नायजेरियातल्या अर्गुंगू गावी १९३४ पासून एक मेळा भरतो. बंदुकीचा बार झाला की हजारो माणसं एकाच वेळी नदीत उड्या घेतात. हातात फक्त हातजाळं आणि वाळलेला मोठा भोपळा. वेळ एक तास. सगळ्यात वजनदार मासा आणेल तो विजेता. २०१६ मध्ये युनेस्कोनं या मेळ्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली. आणि दक्षिण कोरियातल्या ह्वाचॉन इथं जानेवारीत गोठलेल्या नदीला भोकं पाडून लोक ट्राउट मासे काढतात. काही शूर वीर अर्ध्या चड्डीत बर्फाच्या पाण्यात उतरून नुसत्या हातांनी मासा धरतात आणि शर्टात कोंबतात. वर्षाला दहा लाखांवर माणसं ही गंमत बघायला जातात. आपल्याला बर्फ नको. महाबळेश्वरला डिसेंबरात दवबिंदू गोठले तरी आपल्याकडे वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो येतो.

मंडळाच्या वहीसाठी

तलावाचा मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी त्यांच्याकडे जा. परवानगी तर लागतेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे पंच म्हणून त्यांच्याइतकी पारखी माणसं दुसरीकडे मिळणार नाहीत. तलावाच्या कुठल्या कोपऱ्यात काय लागतं, हे भोयाच्या पोराला तिसरीतच कळतं. कोयनेच्या शिवसागरावर किंवा चांदोलीच्या जलाशयावर मन जाईल. तो नाद सोडा, तिथे अभयारण्याचे नियम आहेत.

वेळ कुठली? जुनी माणसं भल्या पहाटेची सांगतात. वाहत्या पाण्यात ते ठीक आहे. पण हिरवट, शेवाळी तळ्यात पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर वनस्पतीही तो वापरतात आणि सूर्य नसल्यानं नवा तयार होत नाही. मासे मरगळलेले असतात. ऊन जरा चढू द्या, आठ-साडेआठला शिट्टी मारा, अकराला आवरा. त्यानंतर उन्हात मासेही खोल जातात आणि आज्याही सावलीला.

आमिषासाठी शाळकरी मुलांचा गट गांडुळांवर खूश असतो. मोठ्यांनी कणकेत शेंगपेंड मिसळावी. कुणी हिंग घालतो, कुणी बडीशेप, आणि मिसळलेलं काय आहे ते कुणीच सांगत नाही. भाऊजी विचारतात, "दाजी, गोळीत काय घातलंय?" दाजी म्हणतात, "काय न्हाय ओ, नुसती कणीक." ही थाप परंपरागत आहे, तिच्यावर दंड नको.

बक्षिसं सुचवू? मोठ्या माशाला एक, छोट्यात छोट्याला एक, चिलापीवाल्याला एक, आणि सगळ्यात जास्त वेळ मोबाइल खिशात ठेवणाऱ्या किशोराला रोख रकमेचं. वर प्रत्येकाला भडंगाची पुडी. सांगलीत तेवढं तर हवंच.

फ्लेक्सचं मात्र बघून छापा. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं रुपेरी पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केलं. अभिमानाची गोष्ट आहे, पण पापलेट पडलं समुद्राचं. पाझर तलावात दिवसभर गळ टाकून बसलात तरी ते येणार नाही. तेव्हा फ्लेक्सवर आमदारांच्या शेजारी चिलापीचाच फोटो टाका. निदान ती तरी वेळेवर हजर असेल.